बायकांची बाजू

आमच्या बंदरातल्या चिदोरी चित्रगृहात बायका डावीकडे बसत आणि पुरुष उजवीकडे. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात नवराबायकोच्या जागा होत्या, पण तिथे सहसा कुणी फिरकत नसे. मागे उंच चौकटीत नुकागा हवालदार बसलेले असत. ते कंदील वर करून 'लग्न झालंय का?' असं विचारत, आणि हो म्हटलं तरी त्यांचा विश्वास बसत नसे. अंधारात बाईमाणूस आणि पुरुषमाणूस शेजारी बसले तर देश बुडेल, असं सरकारचं मत होतं. सरकारला काय ठाऊक, त्या नियमानं आम्हा बायकांवर केवढे उपकार करून ठेवले होते ते!

ओशिगे ही कागदी छत्र्या करणाऱ्या उहेइची बायको, माझी शेजारीण. उहेइ माणूस भला. दारू बेताची, हात कधी उगारला नाही. फक्त तो समजावून सांगायचा. मासा घेतला की तो ताजा कसा ओळखावा हे सांगायचा, साकुराचं झाड फुललं की यंदा लवकर का फुललं हे सांगायचा. लग्न झाल्यावर दोघं पहिल्यांदा कठपुतळ्यांच्या खेळाला गेली, तेव्हा पहिल्याच प्रवेशात त्यानं "हा शेवटी मरतो बघ" म्हणून सांगून टाकलं. ओशिगेनं ते अजून माफ केलं नव्हतं.

महिन्याच्या पंधरा तारखेला दुकानं बंद असत. दोघं नवे किमोनो घालून निघत, तो पुढे, ती मागे. दारात खडावा जमा केल्या की तो उजवीकडे जाई आणि ती डावीकडे. डावीकडे मी आणि मासळीवाली ओकुमा तिची जागा धरून बसलेल्या असू. मग भाजलेली रताळी निघत, वाळवलेली माकूळ मासळी निघे. पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा निवेदक गळा काढू लागला की आम्ही तिघी बाह्या भिजेपर्यंत रडत असू. 'यात रडण्यासारखं काय आहे?' असं विचारणारं तिथे कुणी नसे.

पुढे चित्रगृहाचा मालक बदलला. नवा मालक हामाजिमा ओसाकात राहून आलेला. त्यानं चटया काढून बाकं टाकली आणि दारावर फलक लावला की जमाना बदलला आहे, वरून परवानगी आलेली आहे, यापुढे ज्यानं त्यानं आपल्या कुटुंबासह बसावं.

"बरं झालं," उहेइ जेवताना म्हणाला. "इतकी वर्षं तुला निम्मं कळतच नसणार. आता मी शेजारी असेन."

"हो का," एवढंच ओशिगे म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात हजर. "चल, चौकीवर जायचंय. ओकुमालाही घे."

"अगं, पण झालं काय?"

"आपली अब्रू धोक्यात आहे."

चौकीत नुकागा हवालदार चहा पीत होते. ओशिगे वाकून नमस्कार करून म्हणाली, "हवालदारसाहेब, आता म्हणे अंधारात परपुरुष आमच्या शेजारी बसणार."

"परपुरुष कसला? तुमचे नवरेच बसणार ना!"

"एका बाजूला नवरा. आणि दुसऱ्या बाजूला?"

हवालदारांनी पेला खाली ठेवला. एवढा विचार त्यांनी केला नव्हता.

"आणि मागे?" ओकुमा म्हणाली. "माझ्या मागे तो पिंपं बनवणारा गेनशिची येऊन बसला तर?"

"बसला तर बसला. काय करील तो?"

"काय करील ते आता मी बाईमाणसानं तोंडानं सांगायचं का?"

नुकागांचे कान लाल झाले. त्याच संध्याकाळी हुकूम निघाला, बायकांची बाजू कायम. आम्ही तिघींनी माझ्या स्वयंपाकघरात साकेचे, तांदळाच्या दारूचे, दोन पेले लपून रिचवले.

पण हवालदारांना एवढ्यावर थांबवेना. त्यांनी वर अहवाल पाठवला की या बंदरातल्या बायका स्वतःहून मर्यादा मागायला आल्या. शहरात मुली केस कापून फिरताहेत म्हणून हैराण झालेल्या जिल्हाधिकाऱ्यांना तो फारच आवडला. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. मग जिल्हाधिकाऱ्यांची बायको जातीनं आली, सदाचार महिला मंडळ स्थापन झालं आणि ओशिगे अध्यक्ष झाली. आम्हालाही बोलावणं होतं, पण मी आणि ओकुमानं गुडघे दुखतात म्हणून सांगितलं.

मंडळाची सभा महिन्यातून एकदा, बायकांना सवड असते त्या दिवशी. म्हणजे पंधरा तारखेला.

शाळेच्या दालनात मुख्याध्यापक काटकसरीवर बोलत, वाकून नमस्कार किती खोल करावा यावर बोलत, आणि ओशिगे मंचावर ताठ बसून ऐके. उहेइला तिचा भारी अभिमान. तो एकटा चित्रपटाला जाई आणि रात्री जेवताना तिला सगळी गोष्ट सांगे. "मग तिनं समुद्रात उडी घेतली. पण पाणी खोटं होतं गं, कुणालाही कळलं असतं." ओशिगे भात चिवडत बसे.

शरद ऋतूत एका आईची आणि तिच्या टाकून दिलेल्या मुलाची गोष्ट लागली. ओकुमा तीन वेळा जाऊन आली, डोळे सुजून माशासारखे झाले. ते बघून ओशिगेचा धीर सुटला. पुढच्या सभेत ती हातात कागद न घेता उभी राहिली. "अनीती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिच्याशी लढायचं कसं? मंडळानं चित्रगृहाची पाहणी केली पाहिजे."

"बाई, सभ्य स्त्रियांना हे शोभत नाही," मुख्याध्यापक म्हणाले.

"अगदी बरोबर आहे!" जिल्हाधिकाऱ्यांची बायको म्हणाली. कुणाचं बरोबर ते आधी कळेना. "पाहणी झालीच पाहिजे. आजच." तिनं जन्मात चित्रपट पाहिला नव्हता. मुख्याध्यापक खाली बसले.

मंडळाच्या बायकांनी डावी बाजू खच्चून भरली. सगळ्यांना बसवता बसवता अध्यक्षांनाच जागा उरली नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या बायकोला तर आधीच मधल्या पट्ट्यात, अगदी पुढे, मानानं बसवलं होतं. तिच्यामागचं बाक तेवढं रिकामं. पण तिथे बसायचं तर नवरा हवा.

"उहेइ!" नुकागांनी उजवीकडे कंदील रोखला. "इकडे ये. ही तुझीच बायको ना?"

"माझीच."

उहेइ शेजारी येऊन बसला. ओशिगेनं जीव मुठीत धरला. दिवे गेले, चित्र सुरू झालं. उहेइ गप्प. मूल रडलं, आई पळाली, तरी गप्प. मी डावीकडे, मधल्या पट्ट्याला लागून असलेल्या मागल्या बाकावर ओकुमाशेजारी अंग चोरून बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं.

"बोलत का नाही तुम्ही?" शेवटी ओशिगेनंच विचारलं.

"उजवीकडे बोललं की गेनशिची चिमटा काढतो. चार वर्षं झाली. मोडली सवय."

"म्हणजे मी उगाच..."

"उगाच काय?"

"काही नाही."

इतक्यात आई परत आली. पण पुढे जिल्हाधिकाऱ्यांच्या बायकोचा भला मोठा अंबाडा. ओशिगेला फक्त कुंपणाची कड दिसत होती. सगळं चित्रगृह हुंदके देऊ लागलं, त्यात निवेदकाचा आवाजही बुडाला, आणि नेमकं काय घडलं ते तिलाच कळेना.

"अहो, काय झालं?"

उहेइनं आधी उजवीकडे बघून घेतलं, मग तिच्या कानाशी वाकला. "ती खिडकीशी आली आहे. हाक मारत नाही. नुसती उभी आहे."

"आणि मूल?"

"मूल... थांब जरा. मला दिसत नाहीये." त्यानं बाहीनं डोळे पुसले.

मागून कंदील वर झाला. "मध्ये कोण बोलतंय?"

सगळ्या माना वळल्या. "हवालदारसाहेब, पाहणी चालू आहे," ओशिगे म्हणाली आणि उहेइची ओली बाही ओढली. "सांगा ना पुढे."