धरणातला गाळ

धरणावरच्या इंजिनिअरचं थोरल्या भावाशी बिनसलं ते पाण्यावरून. थोरला पलीकडच्या मोठ्या तलावावर नोकरीला होता. "सगळ्यात जास्त पाणी आमच्या तलावात. तुझ्या धरणातला गाळ वजा करून बघ!" असं तो जेवताना म्हणाला, तसा धाकटा ताट सारून उठला. पुन्हा त्या घरी गेला तो थेट थोरल्याच्या अंत्ययात्रेला.

आज होडीतून धरणाची खोली नव्याने मोजली, तर निम्म्यात गाळच निघाला. आणि हा शहाणा इतकी वर्षं त्या गाळालाही पाणी धरून मिरवत होता! त्याने वहिनींना फोन लावला.

"दादाचंच खरं होतं, वहिनी."

"ते म्हणायचे, त्याला डिवचू नका. मोजेल तेव्हा आपणहून येईल. फार वाट पाहिली हो तुमची, भाऊजी."