सूरबाईंचा कान

डेटा सेंटरच्या कुंपणापाशी निम्मं गाव जमलं होतं आणि सगळ्यांच्या पुढे सूरबाई उभ्या होत्या. गावातले पियानो सुरात लावायचं काम त्यांनी उभा जन्म केलं होतं. त्यांचं खरं नाव बहुधा टपालवाल्यालाच ठाऊक असावं.

गावाबाहेरच्या माळावर डेटा सेंटर आलं, तेव्हा कुणाची फारशी कुरकुर नव्हती. लोकांचे फोटो, दवाखान्याच्या नोंदी, दुकानांचे व्यवहार सांभाळणारी यंत्रं आत अखंड चालत आणि तापत. त्यांना थंड ठेवायला गावचं सांडपाणी शुद्ध करून तिकडे जाई, आणि यंत्रांची ऊब नळांवाटे गावच्या तरणतलावाकडे येई. ऐन थंडीतही तलावाचं पाणी कोमट असे. खटका उडाला तो आवाजावरून. छपरावरचे पंखे घरघरतात, अशी पहिली तक्रार सूरबाईंनीच केली. बाकीच्यांना काही ऐकू येत नव्हतं. पण तिथल्या इंजिनियरनं वर चढून पाहिलं, तर पंख्यांचे बेअरिंग खरंच झिजले होते. ते बदलले, शिवाय गावाच्या बाजूला आवाज अडवणारी भिंत उभी राहिली. गाव म्हणालं, "कान असावा तर असा!"

सूरबाईंना मात्र तो सूर ऐकू येतच राहिला. बारीक, चिवट, चढा. स्वयंपाकघरात, अंथरुणात, पियानोचं झाकण उघडून बसलं तरी. त्यांनी पुन्हा तक्रार केली, मग पुन्हा. औषधाच्या दुकानदारानं या आवाजाविरुद्ध गावाची समिती काढली आणि त्यांना पुढे घातलं. शेवटी इंजिनियर म्हणाला, "आतलं काम थोडा वेळ दुसरीकडच्या सेंटरवर वळवतो आणि सगळ्यांसमोर पंखे बंद करतो. सूरबाई सांगतील ते मला मान्य."

म्हणून आज ही गर्दी होती.

इंजिनियरनं फोनवरून सांगितलं, आणि छपरावरची पाती मंदावत मंदावत थांबली. कुणी खोकलंसुद्धा नाही. दूर कुठेतरी कुत्रं भुंकलं. सूरबाईंनी डोळे मिटले.

सूर तसाच होता. तेवढाच बारीक, तेवढाच चढा.

त्यांनी तळहातांनी दोन्ही कान दाबून धरले. बाहेरचं जग नाहीसं झालं आणि सूर उलट जवळ आला. तो माळावरून येतच नव्हता. तो त्यांच्या डोक्यात होता.

"काय सूरबाई?" दुकानदारानं विचारलं. "थांबला ना?"

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. पियानो लावणारीचा कान बिघडला, म्हणजे मग उरलं काय?

"थांबला," त्या म्हणाल्या.

टाळ्या पडल्या. इंजिनियरनं मान खाली घातली. "म्हणजे दोष आमचाच," तो म्हणाला. "काहीतरी करतो."

आणि त्यानं केलं. निम्मी यंत्रं बंद ठेवली, त्यांचं काम बाहेर पाठवलं, पंखे अर्ध्या गतीवर आणले. त्यापायी त्याला वरून बोलणी खावी लागली, असं सेंटरची पहारेकरीण बाजारात सांगत होती. सूरबाई भाजी न घेताच घरी आल्या.

पुढच्याच आठवड्यात तरणतलाव गारठला. यंत्रंच कमी, तर ऊब कुठून येणार? सूरबाईंच्या घरी त्यांची नणंद राहायची. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि कोमट पाण्यात चालणं हाच तिचा व्यायाम होता. ती ओला टॉवेल खांद्यावर टाकून लंगडत परत आली आणि खुर्चीत धपकन बसली.

"वहिनी, पाण्यात पाय घातला आणि मला माझे सगळे पूर्वज आठवले. बर्फ गं बर्फ!"

"उद्या जरा उशिरा जाऊन बघा वन्सं," सूरबाई म्हणाल्या.

"उद्या काय आणि परवा काय! त्या सेंटरवाल्यांनी सूड उगवलाय म्हणतात सगळे. तू त्यांचं पितळ उघडं पाडलंस ना. बरं केलंस हो. माझ्या गुडघ्याचं मी बघेन."

सूरबाई पाणी आणायच्या निमित्तानं आत गेल्या. नळ सोडून तशाच उभ्या राहिल्या. नणंदेनं दोन शिव्या हासडल्या असत्या तरी परवडलं असतं. पण ते "बरं केलंस" नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सेंटरच्या फाटकावर गेल्या. इंजिनियर स्वतः बाहेर आला. डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली.

"अजून आवाज येतोय का?" त्यानं काळजीनं विचारलं. "या, बसा. नक्की कुठून येतो ते सांगा, मी—"

"येतोय. पण इथून नाही." त्यांनी कानाकडे बोट केलं. "इथून. त्या दिवशी पंखे थांबले, आवाज थांबला नाही. मी खोटं बोलले."

त्यानं तारवटलेले डोळे चोळले. म्हणाला, "माझी झोप उडाली होती. मी प्रत्येक पंखा उघडून पाहिला. वाटलं, मलाच काम येत नाही."

त्यानं रागावावं म्हणून सूरबाई थांबल्या. तो रागावला नाही. त्यानं फक्त विचारलं, "पहिल्या वेळचं तरी खरं ना?"

"ते खरं. देवाशप्पथ."

"मग तेवढं पुरे. तुम्ही बोलला नसता, तर एखादा पंखा एक दिवस तुटून कुणाच्या अंगावर पडला असता. आम्हाला टोकणारं कुणीतरी गावात लागतंच, सूरबाई. पण खरं टोकणारं."

ते शेवटचं वाक्य त्यांना बरोबर लागलं. लागायलाच हवं होतं.

"गावाला मीच सांगते," त्या म्हणाल्या.

समितीची बैठक शाळेच्या वर्गात होती. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं अवघडून बसली होती. सूरबाई उठल्या आणि पाल्हाळ न लावता सांगून मोकळ्या झाल्या. कुणी हसलं नाही. दुकानदारानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि टोपीकडेच बघत राहिला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "आणि आपण त्या माणसाला काय काय बोललो." मग सगळेच एकमेकांची नजर चुकवू लागले. नणंद दाराजवळ बसली होती. ती काठी टेकत उठली आणि बाहेर गेली. त्या रात्री ती जेवायला बसली, पण सूरबाईंशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

यंत्रं पुन्हा सुरू झाली. दुकानदार चार जणांना घेऊन सेंटरवर गेला आणि इंजिनियरची माफी मागून आला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सूरबाईंचे कान तपासले. आवाज जाणार नाही, पण त्याची सवय होईल, असं त्या म्हणाल्या. दोन घरांनी पियानोसाठी परगावचा माणूस बोलावला. सूरबाईंनी वाईट वाटून घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण तक्रार केली नाही.

तलाव कोमट झाला त्या सकाळी नणंदेनं टॉवेल उचलला आणि दारात थांबली.

"माझा तोल जातो अजून," ती भिंतीकडे बघत म्हणाली. "हात धरायला कुणीतरी लागेल."

सूरबाईंनी चपला घातल्या. तलावावर ओळखीच्या बायका होत्या. त्यांनी जरा जास्तच गोड हसून जागा करून दिली. सूरबाईंचा चेहरा कानापर्यंत तापला. मान वर न करता त्या पायऱ्या उतरल्या आणि नणंदेचा हात धरून पाण्यात हळूहळू चालू लागल्या.