खोल पाण्यावरची गोबरी अक्षरं

मी एक फॉन्ट बोलतोय, म्हणजे छापायच्या अक्षरांचं एक वळण. जाड, गुबगुबीत, प्रत्येक काना फुग्यासारखा. शिवानी नावाच्या मुलीने मला लहान मुलांच्या गोष्टींसाठी घडवलं. माझा 'ह' हसरा व्हावा म्हणून तिने तो किती वेळा पुसला, तिचं तिला ठाऊक. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. बाकी सगळ्यांबद्दल आहे.

आगरदांड्याला फ्लेक्स छापणाऱ्या विनेशने मला कुणाच्या तरी पेन ड्राइव्हवरून फुकटात उचललं. बारसं असो, मटण खानावळ असो की दहावं, सगळीकडे मीच. त्याच्या संगणकात आणखी कितीतरी वळणं पडून आहेत. पण तिथवर बोट न्यायचेही त्याला कष्ट. डोळे असून अक्षर न पाहणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

एकदा सरपंच काळूरामशेठ आले. जेट्टीच्या बाजूला खाडीला जबर ओढ आहे. तिथे धोक्याचा बोर्ड हवा होता.

"जरा उठावदार कर, विनेश. पाहुण्यांना आवडला पायजे."

पाहुण्यांना आवडणारा धोका! विनेशने मला गुलाबी रंगात फुगवलं: 'खोल पाणी! उतरू नका!' शेजारी सरपंचांचा हात जोडलेला फोटो, इशाऱ्याहून मोठा.

लोक माझ्याजवळ उभे राहून फोटो काढत. एका रविवारी मुंबईचा ऋत्विक फोटो काढून सरळ पाण्यात उतरला, आणि ओहोटीने त्याला खेचलं. फेरीबोटीवरच्या सदूने उडी टाकली. पोरगा वाचला, सदूचा खांदा मात्र जेट्टीच्या दगडावर आपटून निखळला.

"बोर्ड न्हाय वाचलास?" सदूने कण्हत विचारलं.

"वाचला ना. मला वाटलं, वॉटर पार्कची जाहिरात आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यावर शहाण्यांनी काय करावं? बोर्ड तसाच ठेवून सदूच्या सत्काराचा फ्लेक्स लावला. त्यातही मीच! सदूची बायको प्रणाली तडक विनेशच्या दुकानात आली.

"सत्कार नको. आधी तो बोर्ड बदल."

"वहिनी, काय वाईट हाय त्यात? किती गोड दिसतो!"

"बुडणाऱ्याला गोड काय करायचंय?"

तो हसला. ती निघाली. घरी दाराला लावून उरलेला लाल रंग घेऊन जेट्टीवर गेली, मला खांबावरून उतरवलं आणि भिंतीवर लिहिलं, 'इथं माणूस बुडतो.' अक्षरं वाकडी, रंग ओघळलेला. पाण्याकडे निघालेली दोन पोरं ते वाचून चपला पायात सारून मागे फिरली. त्या ओबडधोबड अक्षरांपुढे मात्र माझी मान खाली गेली.

सध्या तो बोर्ड, म्हणजे मी, सदूच्या पडवीत सुक्या मासळीवर उलटा पडून आहे. दुकानात माझं छापणं चालूच. काल डोळे तपासणी शिबिराच्या फ्लेक्सवर होतो. हात जोडून सांगतो, मला वाढदिवसाला बोलवा, कुल्फीच्या गाडीवर मिरवा. पण जिथे माणसाने थबकायला हवं, तिथे मला उभं करू नका. मला हसण्यावाचून दुसरं तोंड नाही.