अंड्यांनी भरलेली मरळ

नरसी गावाच्या खालच्या अंगाला कयाधू नदीचा एक खोल डोह होता. निजामी अमलात त्याची राखण सोनाजी भोयाकडे आली आणि छातीवर पितळी बिल्ला लागला, तसा सोनाजी चालायचाही जरा ऐटीतच. कायदा त्याला तोंडपाठ होता. आषाढ-श्रावणात मासा अंड्यावर येतो, तेव्हा डोहात कुणी उतरायचं नाही. एरवी परवाना असेल त्यानंच धरायचं, आणि जाळ्याच्या भोकातून तीन बोटं गेलीच पाहिजेत.

शालूबाईच्या जाळ्यातून दोनच गेली. ती त्याच्या वारलेल्या चुलतभावाची बायको. जाळं नवऱ्याच्या हातचं, म्हणून तिच्यानं ते मोडवत नव्हतं. सोनाजीनं ऐन जेठात, सगळ्या भोयांदेखत ते जप्त केलं आणि आपल्या घरी आढ्याला टांगलं. नातं घरात, कायदा डोहावर, असं वर सुनावलंही.

आषाढात तालुक्याहून महसूल तपासायला फिरणाऱ्या गिरदावर साहेबांचा मुक्काम गावात पडला. पाटलानं सोनाजीला बोलावून सांगितलं, साहेबांच्या ताटात मरळ पाहिजे. सोनाजीनं बंदीची आठवण करून दिली, तर पाटील हसून म्हणाला, राखणदार तर तूच आहेस. त्या हसण्यानं सोनाजी फुगला. दुपारी भोई निंदणीला गेलेले असताना तो शालूबाईचं जाळं घेऊन डोहात उतरला. बारीक भोकाचं जाळं ते, त्यातून काही सुटणारं नव्हतं.

चावडीत ताट वाढलं गेलं. साहेबांनी तुकडा मोडला, तशी पिवळी अंडी भाकरीवर सांडली. त्यांचा हात थांबला. ही कुणी धरली, असं त्यांनी विचारलं. पाटील सोनाजीकडे बघू लागला.

"शालूबाईनं," सोनाजी म्हणाला. "जाळं तिचंच हाय, साहेब."

दुसरं वाक्य खरं होतं. त्याच्या आडोशाला पहिलं लपलं.

शालूबाईला बोलावणं गेलं. ओलं जाळं समोर टाकलेलं होतं. तिनं ते हातानं चाचपलं.

"जाळं माझं हाय. पर ते जेठापासून सोनाजीभावजीच्या घरी हाय."

पाटलानं तिला दटावलं. साहेबांनी सोनाजीला विचारलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. चोरून नेलं असेल, असं तो जमिनीकडे पाहत पुटपुटला. तिचा परवाना तिथंच रद्द झाला आणि जाळं साहेबांनी तालुक्याला नेलं.

दुसऱ्या दिवसापासून भोई सोनाजीला मान देऊ लागले. भावकी न बघता खरं बोलला, म्हणाले. म्हाताऱ्या भावसिंगनं तर त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याला चटका बसावा तसा वाटला. शालूबाई आता दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जायची. त्याच्या दारावरून जाताना ती पावलं लांब टाकत नसे की तोंडही फिरवत नसे. तोच मग घरात शिरायचा. बायकोनं काय झालं विचारलं, तर पोट दुखतं म्हणायचा.

अकराव्या दिवशी तो पायीच तालुक्याला गेला आणि साहेबांपुढे सगळं बोलला. पाटलाचं नावही घेतलं. ते काही साहेबांनी लिहून घेतलं नाही. बिल्ला मात्र मागावा लागला नाही, त्यानंच काढून टेबलावर ठेवला. शालूबाईचा परवाना आणि, डोहात टाकायचं नाही या अटीवर, तिचं जाळं घेऊन तो परतला.

तालुक्यापेक्षा गावातलं सांगणं अवघड होतं. पारावर भोई जमले होते, कडेला शालूबाईही होती. ज्यांनी त्याची वाहवा केली, त्यांच्याच पुढे उभं राहून त्यानं आपलं खोटं सांगितलं. कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यानं परवाना शालूबाईपुढे धरला.

"वैनी, तुमी त्या दिशी आनखी काहून न्हाई बोलल्या?"

"बोलले की. कुणी ऐकलं?" तिनं परवाना कमरेला खोचला. "तुमी बोलाल म्हून वाट पाहून राहिले व्हते. अकरा दिस पाहिली."

ती जाळं खांद्यावर टाकून निघून गेली. भावसिंग जरा सरकला आणि त्यानं सोनाजीला बसायला जागा करून दिली. सोनाजीला ती जागा दिसली, पण बसवेना. पार रिकामा होईस्तोवर तो तसाच उभा राहिला.