चौथा कोपरा

मी चौथीपर्यंत शिकलो. लिहायला वेळ लागतो, म्हणून गिऱ्हाइकाची खूण मी कार्डाच्या कोपऱ्यावर ठेवायचो. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातल्या एका शेठची शिलाई मशिनं मी दारोदार फिरून विकत होतो. प्रत्येक घराचं एक कार्ड, त्यावर नाव, पत्ता आणि परत जायची तारीख. दार उघडलं की एक कोपरा दुमडायचा. बसवून चहा दिला की दुसरा. माणसाने आपण होऊन चौकशी केली की तिसरा. मशीन घरात गेलं की चौथा. समोरच्याने तोंडाने नको म्हटल्याशिवाय मी कार्ड फाडत नसे.

खरवईच्या नव्या वसाहतीतल्या सुहासिनीबाईंच्या कार्डाचे दोन कोपरे सत्त्याऐंशी साली दुमडले आणि काम तिथेच अडलं. बाई एकट्या राहत. मशीनबद्दल एक शब्द विचारत नसत. चहा देत, माझं, माझ्या बायकोचं, अंबरनाथच्या आमच्या चाळीचं विचारत, आणि मी उठलो की म्हणत, "पुढच्या महिन्यात या." दीड वर्ष मी जात राहिलो.

शेठ हसायचा. "शिवराम, वो बाई मशीन नहीं, तुझे लेगी. फाड दे कार्ड."

"नको म्हणाली नाही अजून," मी सांगायचो.

माझी बायको गंगू हसली नाही. "तिच्याकडून आलात की दोन-दोन दिवस घरात पाहुण्यासारखे बसता. तेवढं एक कार्ड फाडा. माझ्यासाठी."

बावीस वर्षांत तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. उद्या सोक्षमोक्ष लावून येतो, असं मी तिला सांगितलं. त्या संध्याकाळी तिने मला चहा कपबशीतून दिला. लग्नात मिळालेला, माझं नाव कोरलेला स्टीलचा पेला कुठे आहे म्हणून विचारलं, तर तिने फळीकडे पाहिलं.

"कसला पेला?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी खरवईला गेलो. बाई चहा टाकायला आत गेल्या आणि समोरच्या मेजावर मला एक कार्ड दिसलं. माझ्याच कार्डांएवढं. वर सुरेख अक्षरात माझं नाव, खाली माझ्या प्रत्येक फेरीची तारीख, आणि शेवटी: कमी बोलतात. साखर कमी. बायको आहे. घाई करू नये.

तीन कोपरे दुमडलेले होते. तिसरा कशाचा, हे मला लगेच कळलं. मागच्या महिन्यात मी आपण होऊन विचारलं होतं, एवढ्या मोठ्या घरात तुम्ही एकट्याच का? जागा आहे, असं त्या म्हणाल्या होत्या.

बाईंनी चहा आणला. पेल्यावर कोरलेलं नाव बोटाला लागलं. वाचायची गरज पडली नाही.

"हे काय आहे, बाई?"

"तुमचीच पद्धत. इतके दिवस बघते आहे." त्या शांतपणे समोर बसल्या. "तोंडाने नको म्हणा. आत्ता फाडते."

एवढा एकच शब्द म्हणायचा होता. पण गिऱ्हाइकाच्या घरात बसून नको म्हणणं मला उभ्या आयुष्यात जमलेलं नव्हतं. तो शब्द म्हणायचं काम त्यांचं, ऐकायचं माझं.

"पुढच्या महिन्यात बघू," मी म्हणालो. चहा गार होत होता, म्हणून प्यायलो. बाईंनी चौथा कोपरा दुमडला आणि नखाने घडी दाबली.

ऊन असतानाच अंबरनाथला पोचलो. शेजारचे रामभाऊ ओट्यावर बसले होते. वीस वर्षांचा आमचा शेजार. त्यांनी माझ्या पिशवीकडे पाहिलं आणि वाट देण्यासाठी पाय आखडून घेतले.

"काय विकता?" त्यांनी विचारलं.

मी जिना चढलो. कडी वाजवली. गंगूने साखळी न काढता दार उघडलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. अनोळखी माणसाशी वागते तशी ती नीट वागली. पिशवीकडे पाहून हलकेच म्हणाली, "पुढच्या महिन्यात या."

नको म्हणाली नाही. मी जिन्यात बसलो, कोरं कार्ड काढलं, सावकाश तिचं नाव लिहिलं. पत्ता पाठ होता. मग एक कोपरा दुमडला.