दसरूच्या घरातलं टपाल

हे कोणाला खरं वाटणार नाही, पण धानोऱ्याच्या दसरू उसेंडीच्या घरात, मोहफुलांच्या टोपल्यांमागे, अख्खं टपालखातं नांदत होतं. टेलिफोन एक्स्चेंजातून निवृत्त झालेला दसरू हे छातीठोकपणे सांगायचा. पोरगा सुरज हैदराबादला जाताना जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स टाकून घरचा मेल सर्व्हर उभा करून गेला होता. दसरूच्या मते पत्रं सागाच्या शेंड्याशेंड्यांवरून चालत येत. एकदा एक पत्र अस्वलानं अडवलं, वाचलं आणि रडत रडत परत केलं.

"अस्वलाले वाचता येते?" त्याच्या बायकोनं, मंगलीनं विचारलं होतं.

"सुरजचं अक्षर साफ हाय ना!"

खरं तर दोन पावसाळे झाले, सुरजचं पत्रच नव्हतं. दसरू काळ्या पडद्यासमोर बसून मनातलंच वाचून दाखवायचा. मंगली डोळे मिटून ऐकायची, आणि त्या मिटल्या डोळ्यांसाठीच तो खोटं बोलायचा.

यंदा ती बहिणीकडे भामरागडला जाणार होती. पावसात रस्ता तुटला की चार महिने तिकडेच.

"मले मोबाइलवर चिट्ठ्या पाह्यजे," ती म्हणाली. "आता मले वाचता येते."

मग दसरूला मोबाइलवर पत्रं उघडणारं पान, वेबमेल, उभारावं लागलं. आणि सुरजच्या नावानं पत्रंही, आता खरोखरची, लिहावी लागली.

वाटेत कोणी पत्र फोडू नये म्हणून पानाला कुलूप हवं. कुलूप खरं असल्याचं प्रमाणपत्र त्यानं स्वतःच बनवलं, सही स्वतःच ठोकली. मोबाइलनं धोक्याची लाल पाटी दाखवली.

"काऊन नाई म्हणते?"

"आपल्याच कागदावर आपलीच सही चालत नाई म्हणते," दसरू पुटपुटला.

शेवटी बाहेरच्या संस्थेकडून प्रमाणपत्र मागवलं. संस्थेनं सर्व्हरचं नाव तपासलं आणि ते दिलं. भर दुपारी, मोहाच्या वासानं घर जमिनीपासून वीतभर वर तरंगत असताना, पडद्याच्या कोपऱ्यात इवलंसं कुलूप उमटलं. मंगलीनं दसरूकडे पाठ फिरवून आपला पासवर्ड टाकला. मग ओळीखाली बोट धरून ती वाचू लागली.

"माय, आपल्या कुंपणातला आंबा यंदा लई आंबट निघाला. तुह्या हातचं लोणचं आठवते."

ती थांबली. तीच ओळ पुन्हा वाचली. मोबाइल मांडीवर पालथा ठेवला.

"सुरजचे बाबा, आंब्याचा पंडुम व्हाचा हाय अजून. पूजा झाल्याबिगर गावात कोणी आंबा तोंडाले लावत नाई. मंग हैदराबादेत बसून पोराले कसा समजला आंबट हाय म्हणून?"

दसरू सर्व्हरच्या घरघरणाऱ्या पंख्याकडे पाहू लागला.

"वाऱ्यावर वास..."

"वास नाई अन् वारा नाई," मंगली हळूच म्हणाली. "आंबा बी तुमीच खाल्ला, अन् चिट्ठ्या बी तुमीच लिवल्या."