दोघांचंही रक्त

मी एक जुना मायक्रोस्कोप आहे. एटापल्लीकडच्या एका दवाखान्यात माझी उमेदीची वर्षं गेली. लोक मला दुर्बीण म्हणत. पहिली काही वर्षं मी हिवतापाचे जंतूच शोधले. आता माझ्या भिंगावर बुरशी चढली आहे आणि मला कोपऱ्यात ठेवलं आहे. पण मित्रांनो, मी रडगाणं गाणार नाही. मला रुखमाबद्दल सांगायचं आहे.

रुखमा आणि तिचा नवरा सुकलू यांचा थोरला मुलगा लहानपणीच गेला. मग धाकट्या मुलीचे, दिव्याचेही हातपाय सुजू लागले, सांधे ठणकू लागले, डोळे पिवळे पडले. सासू उघड म्हणू लागली, "हिच्याच रक्तात खोट हाय. हिले माहेरी धाडा, दुसरी आणा."

शेवटी सगळे दिव्याला घेऊन दवाखान्यात आले. रक्त तपासणाऱ्या कांताबाईंनी तिच्या बोटातला थेंब काचेवर घेतला, औषध घालून झाकून ठेवला. थोड्या वेळाने माझ्याखाली धरला, तर गोल पेशी वाकून विळ्यासारख्या झाल्या होत्या.

"सिकलसेल हाय," कांताबाई म्हणाल्या. "जन्मापासूनच असते."

"म्हंजे मायकडूनच आली ना?" सासूने विचारलं.

रुखमाने हात पुढे केला. "बाई, माहं रक्त पाहा. अन् याचंबी पाहा."

सुकलू मागे सरकला. "माहं काऊन? मी तं धडधाकट हावो."

"मंग मले काय झालं हाय? मीबी धानाची रोवणी करते, मोहफुलं वेचते. पोरगी दोघांची हाय." आणि ती दारातच बसली. "तू बोट देल्याबिगर मी उठत नाई."

सुकलूने बोट दिलं. दोघांच्याही काचांवर तेच विळे दिसले. कांताबाईंनी त्याला माझ्यावर डोळा लावायला सांगितलं.

"हे माहं?"

"तुमचंच, भाऊ. तुमाले आजाराचा एकच वाटा भेटला, म्हणून तरास नाई. रुखमाचंबी तसंच. पोरीले दोघांकडून एकेक आला, दोन झाले, म्हणून ती आजारी. यात कोनाचाच गुना नाई."

"दुर्बीणच खोटी हाय!" सासू ओरडली. मी पुष्कळ धूळ खाल्ली, मित्रांनो, पण खोटं कधीच दाखवलं नाही. सुकलूनेच आईला गप्प केलं. पुढे दिव्याला कळा आल्या की तोच तिला खांद्यावर घेऊन गडचिरोलीची एसटी गाठायचा.

रुखमा तिथेच थांबली नाही. दीर पवनचं लग्न ठरत होतं, तेव्हा बैठकीत ती उभी राहिली. "आधी दोघांचं रक्त पाहा."

"अवो बाई, अशानं लग्न मोडन," एक म्हातारा चिडला.

"मोडू द्या. पोरगं माहं मातीत गेलं हाय, तुमचं नाई."

कुरकुरत का होईना, दोन्ही घरं दवाखान्यात आली. पवनच्या पेशी वाकल्या, मुलीच्या गोलच राहिल्या. वाटा एकाच बाजूचा होता, लेकरांना आजाराची भीती नव्हती, म्हणून लग्न झालं.

दिव्या शाळेत जाऊ लागली. दुखायचं तेव्हा घरी राहायची, बरं वाटलं की पुन्हा जायची. मित्रांनो, तुमच्या वर्गातही अशी एखादी दिव्या असेल. आजार तिला आईबापांकडून मिळाला आहे. लाज मात्र तुम्ही देऊ नका.